क्लिपचा टाय मोठ्या माणसाने लावावा का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वय 36, मुंबईत हॉटेलच्या फ्रंट ऑफिसला नवी नोकरी, युनिफॉर्मबरोबर क्लिपचा टाय मिळाला आणि बरोबरचा एकजण सगळ्यांदेखत म्हणाला, "हा काय शाळेतला टाय?" आता पदरचे पैसे घालून गाठीचा टाय घ्यावा का, आणि पुढच्या महिन्यात मावसभावाच्या रिसेप्शनला सूट घालायचाय, तिथे काय करावं.

ड्युटीवर क्लिपच ठेवा. रिसेप्शनला गाठ मारा, नाहीतर टायच लावू नका. घाईत असाल तर एवढं पुरे. आता सविस्तर. आमचा पुण्यात युनिफॉर्म पुरवायचा धंदा आहे. हॉटेलं, सिक्युरिटी एजन्सी, शाळा, थोडे कारखाने असं गिऱ्हाईक, त्यामुळे टाय या विषयावर मला गरजेपेक्षा जास्त बोलता येतं.

आधी त्या "शाळेतल्या टाय"चं. शाळेत मुलं लावतात तो इलॅस्टिकचा. गाठ तयार, मागून इलॅस्टिकचा पट्टा, कॉलरखालून फिरवून हुक अडकवायचा. पहिलीतल्या पोराला सकाळी सातच्या व्हॅनसाठी तयार करायचं म्हणजे दुसरा इलाजच नसतो. दुसरा प्रकार झिपचा. त्यात गळ्याभोवती खरोखरच टायचाच पट्टा असतो, मागच्या अरुंद टोकात लपवलेली झिप ओढली की गळ्याचा फास लहान-मोठा होतो. समोरून बघणाऱ्याला हा सहसा ओळखू येत नाही. तिसरा तुमचा, क्लिपचा. गळ्याभोवती काहीच नाही. गाठीच्या मागे पत्र्याची किंवा प्लास्टिकची क्लिप, तिचे दोन पाय बंद केलेल्या कॉलरच्या कडांवर बसतात. तिन्हींना लोक सरसकट "रेडीमेड" म्हणतात, पण कामाला तिन्ही वेगळे. कसं ते पुढे येईल.

क्लिपच्या टायचा जन्म आळशी माणसासाठी झाला अशी समजूत आहे. वापरणारे बघितले तर चित्र वेगळं दिसतं. ब्रिटनचे पोलीस वर्षानुवर्षं क्लिपचाच टाय लावत आलेत, कारण झटापटीत समोरच्याने टाय धरून ओढला तर तो हातात यावा, गळा आवळला जाऊ नये. कैद्यांशी किंवा बारबाहेरच्या दारुड्यांशी ज्यांचा रोज संबंध येतो त्यांचंही हेच. आमच्याकडे सिक्युरिटी एजन्सीची ऑर्डर आली की मी झिपचा टाय द्यायला साफ नकार देतो. दिसायला तो जास्त चांगला, पण ओढला की गळ्यालाच बसणार. इलॅस्टिकचं हुक कधी सुटतं, कधी नाही. क्लिप मात्र सुटतेच. (ऑफिसच्या आयकार्डाच्या दोरीला मानेमागे झटक्यात सुटणारा जोड असतो तो याच कारणासाठी. त्याला कुणी शाळेतला म्हणत नाही.)

कारखान्याचंही तसंच. कारखाने अधिनियम 1948 चं कलम 22 फिरत्या यंत्राजवळ काम करणाऱ्याला अंगाबरोबर बसणारे कपडे घालायला सांगायचं; 2025 मध्ये त्या कायद्याची जागा नव्या संहितेने घेतली. शॉपफ्लोअरवर मुळात टाय नकोच, पण पाहुण्यांना फिरवणारा अधिकारी टाय लावून येतो आणि लेथजवळ वाकून "हे बघा" म्हणतो. चकमध्ये, म्हणजे लेथच्या फिरत्या जबड्यात, टायचं टोक गेलं तर गाठ कितीही सुबक असो, उपयोग नाही. त्याने एकतर टाय शर्टाच्या बटणांमधून आत खोचावा किंवा क्लिपचा लावावा. डॉक्टरांबाबत इंग्लंडच्या आरोग्य खात्याने 2007 मध्ये विषयच मिटवला: हात कोपरापर्यंत मोकळे ठेवा आणि रुग्ण तपासताना टाय लावू नका. टाय रोज धुतला जात नाही आणि वाकलं की प्रत्येक खाटेला लागतो, हे कारण.

आता तुमच्या सहकाऱ्याने कोर्टात जाऊन बघावं. वकिलांच्या गळ्यातले पांढरे बँड हा त्यांच्या वेशाचा सगळ्यात मानाचा भाग. हायकोर्टात, जिल्हा न्यायालयात ते लागतातच. खालच्या कोर्टांत त्यांच्याऐवजी काळा टाय चालतो. ते बँड शिवून तयार मिळतात, मागे हुक किंवा वेल्क्रो. सकाळी बार रूममध्ये वकील एका हाताने फोन सांभाळत दुसऱ्या हाताने ते लावतात. त्यांच्या विद्वत्तेवर कुणी शंका घेतल्याचं ऐकिवात नाही.

म्हणजे गणवेशाचा टाय हा मालकाने ठरवलेला टाय असतो. रंग त्याचा, लांबी त्याची, आणि फ्रंट ऑफिसच्या दहा माणसांच्या गाठी एकसारख्या दिसाव्यात ही हौसही त्याचीच. तुम्ही स्वतःचा लावलात तर उलट सुपरवायझर विचारेल, हा कुठून आणला. बारा तासांच्या शिफ्टमध्ये क्लिपचा टाय ताठ राहतो, जेवताना काढून खिशात घालता येतो, डाळ सांडली तर पाच मिनिटांत दुसरा लावता येतो.

तब्येतीचा मुद्दाही लोक काढतात. 2018 मध्ये जर्मनीतल्या कील विद्यापीठात घट्ट टाय लावलेल्यांच्या मेंदूचा रक्तपुरवठा मोजला, तो साधारण साडेसात टक्क्यांनी घटलेला आढळला. प्रयोग छोटा होता, टाय लावणारे जेमतेम 15 जण. त्याआधी 2003 मध्ये काचबिंदूच्या संदर्भात डोळ्यातला दाबही तपासला गेला होता, तिथेही घट्ट टायने दाब वाढलेला दिसला. पण यावरून क्लिप तब्येतीला चांगली असं म्हणणं घाईचं होईल. क्लिप बसायला वरचं बटण बंद लागतंच, आणि कॉलरच घट्ट असेल तर टाय कुठलाही असो, गळा दाबणारच. बटण लावल्यावर कॉलर आणि मान यांच्यामध्ये दोन बोटं सहज जायला हवीत. ती जात नसतील तर शर्ट बदला, टायचा दोष नाही.

मग क्लिपचा टाय ओळखू कसा येतो, आणि हसू का येतं? चार हात लांबून मला तीन गोष्टी दिसतात. एक, गाठ. कारखान्यातली तयार गाठ आतल्या साच्यावर बसवलेली असते म्हणून ती भरलेला समभुज त्रिकोण दिसते. हाताने मारलेली साधी गाठ किंचित एका अंगाला कललेली असते आणि तिच्याखाली कापडाला एक खळी पडते. दोन, कॉलर. पसरट कॉलरमध्ये गाठीच्या दोन्ही बाजूंना टायचा पट्टा वर जाताना थोडासा दिसायला हवा. क्लिपला पट्टाच नाही, तिथे नुसता शर्ट दिसतो आणि गाठ चिकटवल्यासारखी वाटते. टोकदार, जवळ येणारी कॉलर असली की हे झाकलं जातं, म्हणून युनिफॉर्मला आम्ही नेहमी तशीच कॉलर शिवतो. तीन, लांबी. गाठीचा टाय 145 ते 150 सेंटिमीटर लांब असतो आणि गाठ कुठे मारायची ते तुमच्या हातात. टोक बेल्टच्या बक्कलवर आणता येतं. क्लिपचा ठरावीक मापाचा, बहुतेक 50 सेंटिमीटरच्या आसपास. सहा फुटी माणसाला तो पोटावरच संपतो. तुम्ही उंच असाल तर स्टोअरमधून लांब माप मागून घ्या, असतं, पण मागितल्याशिवाय देत नाहीत.

आणखी एक. कापड. चांगला टाय उरेब कापतात, म्हणजे ताण्या-बाण्याला तिरका, त्यामुळे तो पीळ घेत नाही आणि गाठ सोडली की पुन्हा सरळ होतो. न्यूयॉर्कच्या जेसी लँग्सडॉर्फ नावाच्या टाय करणाऱ्याने 1920 च्या दशकात तीन तुकड्यांत उरेब कापायची रीत रूढ केली, आजही तीच चालते. क्लिपच्या टायला गाठ सुटायचीच नसते, त्यामुळे कापडाचा तो खर्च कारखानदार वाचवतो. रेडीमेड टाय हलका, चकचकीत वाटतो तो यामुळे. दोष क्लिपचा कमी आणि पॉलिएस्टरचा जास्त.

आता हसणाऱ्यांविषयी बोलतो, कारण तुम्हाला खरं टोचलंय ते तेच. टायची गाठ ही घरात कुणीतरी शिकवलेली गोष्ट असते. ज्याचे वडील टाय लावून ऑफिसला गेले त्याला ती आरशासमोर आयती मिळाली. ज्याचे वडील गिरणीत, शेतात, गॅरेजमध्ये गेले त्याला ती तिशीत, एकट्याने, मोबाइलवर व्हिडिओ थांबवत थांबवत शिकावी लागते. पहिला दुसऱ्याला हसतो तेव्हा तो टायला हसत नसतो. महाराष्ट्रात तरी हे विसरू नये. इथे चौकाचौकात बाबासाहेब सूट-टायमध्ये उभे आहेत, आणि कुणी काय पेहरावं हे जातीने ठरवलेल्या समाजात त्या टायला काय अर्थ होता हे सांगायची गरज नाही. 1927 च्या डिसेंबरात महाडला त्यांनी जमलेल्या बायकांनाही लुगडं नेसायची पद्धत बदलायला सांगितलं होतं. "टाय म्हणजे गोऱ्यांची गुलामी, फेकून द्या" असं म्हणणारेही मला म्हणून अर्धवट वाटतात. ज्याच्या घराण्यात टाय लावणारा तो पहिलाच आहे, त्याने क्लिपने सुरुवात केली तर केली.

शिवाय हसणाऱ्याचं कपाट उघडून बघा. आपल्याकडे गाठीचा टाय लावणाऱ्यांपैकी भरपूर जण गाठ एकदाच मारतात, तीसुद्धा मित्राकडून, आणि मग ती सैल करून टाय डोक्यातून काढून हँगरला लटकवतात. पुढच्या लग्नाला तोच फास पुन्हा डोक्यातून घालायचा. हा घरी तयार केलेला रेडीमेड टायच की. वर त्याची गाठ चुरगळून काळपट झालेली असते ते वेगळं. लग्नातलं बघायचं तर हल्ली नवरीची नऊवारी शिवलेली असते, व्याह्यांच्या डोक्यावरचे फेटे तयार येतात, आणि पुणेरी पगडी तर पूर्वीपासून पगडबंदाने आधीच बांधून दिलेली, टोपीसारखी उचलून घालायची. यातलं काहीच आपल्याला खोटं वाटत नाही. टायच तेवढा हाताने बांधलेला हवा, हा आग्रह आपण कुठून आणला कोण जाणे.

तरीही रिसेप्शनला मी तुम्हाला क्लिप लावू नका म्हणतो. तिथे टाय कुणी सक्तीने लावायला सांगितलेला नाही, तो तुमची हौस आहे. रात्री दहानंतर जेवण झाल्यावर तुम्ही वरचं बटण उघडणार. गाठीचा टाय तेव्हा सैल होऊन छान लोंबतो. क्लिपचा एका कॉलरला धरून वाकडा लटकतो किंवा रसमलाईत पडतो. आणि फोटो जन्मभर राहतात.

गाठ अवघड नाही. नेचर या विज्ञान नियतकालिकात 1999 मध्ये केंब्रिजच्या दोन भौतिकशास्त्रज्ञांनी गणित मांडून टाय बांधायच्या 85 रीती काढल्या होत्या. तुम्हाला एक पुरे. कॉलर उभी करा, टाय गळ्यात घाला, रुंद टोक तुमच्या उजव्या हाताला, अरुंद टोक बेंबीच्या किंचित वर. अरुंद टोकाला आता हात लावायचा नाही, सगळं काम रुंद टोक करणार. ते अरुंदावरून डावीकडे न्या, मागून उजवीकडे काढा, पुन्हा पुढून डावीकडे न्या. हा पुढचा वेढा बोटाने जरा सैल धरा. आता रुंद टोक गळ्यापाशी खालून वर काढा आणि त्या सैल वेढ्यातून खाली सोडा. ओढताना गाठीच्या खाली मधोमध तर्जनी दाबून ठेवा, खळी आपोआप पडते. अरुंद टोक धरून गाठ वर सरकवा, कॉलर पाडा. टोक बक्कलच्या वर राहिलं किंवा खाली गेलं तर सोडून पुन्हा मारा. ही फोर-इन-हँड. विंडसरच्या मागे लागू नका. ज्या ड्यूक ऑफ विंडसरच्या, म्हणजे गादी सोडलेल्या ब्रिटिश राजाच्या, नावाने ती जाड गाठ ओळखली जाते तो स्वतः साधीच गाठ मारायचा, टाय मात्र जाड अस्तराचे शिवून घ्यायचा. घरी आल्यावर गाठ पूर्ण सोडा, टाय गुंडाळून ठेवा.

हे जमायचा कंटाळा असेल तर सूट, पांढरा शर्ट, वरचं एक बटण उघडं. ऑक्टोबरातल्या मुंबईत कुणी नावं ठेवणार नाही. जपान सरकारने 2005 पासून उन्हाळ्यात एसी 28 अंशांवर ठेवा आणि टाय काढून या असं नोकरशाहीला सांगितलं, तिथेही काही बिघडलं नाही.

घरात कुणा वडीलधाऱ्यांच्या बोटांना संधिवात असेल, कंपवात असेल, अर्धांगवायूने एक हात गेला असेल तर त्यांच्यासाठी क्लिपचा टाय खुशाल आणा. दुसऱ्याकडून गळ्यात गाठ मारून घेणं कित्येकांना फार लागतं. त्यांच्यासाठी मात्र चांगल्या कापडाचा, लांब मापाचा बघा. हल्ली चुंबकाचे टायही निघालेत; पेसमेकर बसवलेल्या माणसाला तो देऊ नका, चुंबक छातीजवळ येतं.

शेवटचं, हॉटेलच्या टायचं. महिन्यातून एकदा क्लिपचे पाय चिमटीने किंचित आत दाबा, पकड सैल झाली की गाठ पुढे झुकते. मुंबईच्या दमट हवेत साधी पत्र्याची क्लिप गंजते आणि पांढऱ्या कॉलरवर तांबडे डाग पाडते, ते लाँड्रीलाही जात नाहीत. स्टोअरवाल्याला स्टीलच्या क्लिपचा मागा, नसेल तर प्लास्टिकचा घ्या. आणि दोन मागा, एक लॉकरमध्ये ठेवायला.