चौथीच्या मुलांना बैजिक भूमितीतील ‘सिंग्युलॅरिटीचे निराकरण’ कसे समजावून सांगावे? (जळगाव जिल्ह्यातील एका शिक्षकांचा प्रश्न)

बैजिक भूमिती समीकरणांनी ठरणाऱ्या आकारांचा अभ्यास करते. अशा आकाराची वाट जिथे स्वतःला छेदते किंवा टोकदार होते तो बिंदू म्हणजे सिंग्युलॅरिटी, आणि तिथला गुंता सोडवून आकार गुळगुळीत करणे म्हणजे तिचे निराकरण. मुलांना सूत्राला हात न लावता लवचीक तारेची सावली दाखवावी. तार स्वतःला कुठेही न टेकता वळसा घेईल अशी वाकवून उन्हात धरली (खानदेशात त्याची वानवा नाही), की खालच्या कागदावरच्या सावलीत फुली उमटते. मग ‘तार तिथे खरोखर चिकटली आहे का?’ एवढेच विचारावे. फुलीपाशी एकाच बिंदूतून वेगवेगळ्या उतारांच्या दोन वाटा जातात आणि प्रत्येक वाटेला तिच्या उताराइतकी उंची दिली की त्या सुट्या होतात. गणितातला ‘ब्लो-अप’ नेमके हेच करतो. तारेचा एखादा वळणाचा भाग अचूक उन्हाच्या दिशेत आला, तर फुलीऐवजी अणकुचीदार टोक दिसते, तेही मुलांना शोधू द्यावे. मात्र मुलांच्या हातात तार आधीच असते. गणितज्ञाकडे केवळ सावली असते आणि तीवरून तार घडवावी लागते. अशी तार घडवता येते हे पृष्ठभागांपुरते धन कॅरॅक्टरिस्टिकमध्ये (म्हणजे १ ठरावीक वेळा स्वतःत मिळवला की शून्य येते अशा संख्याप्रणालीत) गणितज्ञ श्रीराम अभ्यंकर यांनी १९५६ मध्ये, तर शून्य कॅरॅक्टरिस्टिकमध्ये (नेहमीच्या संख्यांप्रमाणे जिथे असे कधीच होत नाही) सर्व मितींसाठी जपानी गणितज्ञ हिरोनाका यांनी १९६४ मध्ये सिद्ध केले. अर्थात हा भाग शिक्षकांसाठी, चौथीसाठी नव्हे.