दुसऱ्या राज्यात कारवाई झालेला डॉक्टर आपल्या तालुक्यात दवाखाना टाकू शकतो का?

सहजासहजी नाही. परराज्यातून येणाऱ्या डॉक्टरला महाराष्ट्र वैद्यक परिषदेत नोंदणीसाठी आधीच्या परिषदेचं ‘गुड स्टँडिंग’, म्हणजे वर्तन चांगलं असल्याचं, प्रमाणपत्र लागतं. जुनी शिस्तभंगाची कारवाई तिथेच उघडी पडते. नोंदवहीतून नाव काढलेलं असेल, तर तेवढा काळ प्रॅक्टिस करताच येत नाही.

पण आमच्या यवतमाळकडच्या खेड्यांत मला जास्त काळजी वेगळीच वाटते: नोंदणी क्रमांक कोणी विचारतच नाही. म्हातारी माणसं तर डॉक्टरला देव मानतात, विचारायला संकोचतात. डॉक्टरांच्या आचारसंहितेच्या २००२ च्या नियमांनुसार तो क्रमांक दवाखान्यात लावणं आणि चिठ्ठीवर, पावतीवर लिहिणं ॲलोपॅथीच्या डॉक्टरला बंधनकारक आहे. चिठ्ठीवरून क्रमांक घ्या, परिषदेच्या संकेतस्थळावर तपासा. सापडला नाही, तर तालुका आरोग्य अधिकाऱ्यांकडे लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या.