टर्निंग पॉइंट शोधताय? युरियाची गोणी उघडा

प्रश्न : नमस्कार. पोरगा नववीत आहे, शाळेत विषय दिलाय की जगाच्या इतिहासाला वळण देणारी एक घटना घेऊन पाच मिनिटं बोला. घरात नुसता वाद चाललाय, तो म्हणतो फ्रेंच राज्यक्रांती, त्याची आई म्हणते छपाईचं मशीन आणि मी आपलं दुसरं महायुद्ध धरून बसलोय. तुम्ही काय घ्याल?
– एक शेतकरी वाचक, परभणी

उत्तर : तिन्ही विषय चांगलेत, पण निम्मा वर्ग तेच घेऊन येणार बघा. मी घेईन २ जुलै १९०९, जर्मनीतलं कार्ल्सरूह. फ्रिट्झ हाबर नावाच्या प्रोफेसरने बीएएसएफ या केमिकल कंपनीची माणसं बोलावली होती, हवेतला नायट्रोजन आणि हायड्रोजन जोडून अमोनिया करायचं मशीन दाखवायला आणि ऐनवेळी बोल्टच तुटला! कंपनीचा कार्ल बॉश निघून गेला, त्याचा सहकारी मिटाश मात्र थांबला, दुरुस्ती झाली आणि नळीतून अमोनिया ठिबकायला लागला, तासाला जेमतेम चहाच्या कपाएवढा.

आता त्यात काय एवढं, तर तुम्ही शेतकरी, तुम्हाला काय सांगायचं. नायट्रोजनशिवाय पीक पिवळं पडतं. हवेत तो ७८ टक्के आहे, पण दोन अणू एकमेकांना असे घट्ट धरून बसलेत की पिकाला त्याचा काही उपयोग नाही. तुरी-हरभऱ्याच्या मुळावरच्या गाठीतले जिवाणू ते सोडवतात, थोडंफार वीज कडाडली की होतं. बाकी शेणखत, आणि युरोपवाले तर चिलीच्या वाळवंटातून सोरा, म्हणजे नायट्रोजन असलेला क्षार, जहाजं भरभरून आणायचे. १८९८ मध्ये विल्यम क्रूक्स या शास्त्रज्ञाने जाहीर सांगितलं होतं की असंच चाललं तर गहू पुरणार नाही.

कपभर अमोनियाचा कारखाना केला तो बॉशनेच. तापलेला हायड्रोजन पोलादात घुसून त्याला ठिसूळ करायचा, नळ्या फुटायच्या. मग याने आत मऊ लोखंडाचं अस्तर घातलं आणि बाहेरच्या पोलादी नळीला बारीक भोकं पाडली, घुसलेला गॅस निघून जाऊ दे म्हणून. मला विचाराल तर सगळ्या गोष्टीत ही भोकंच भारी. १९१३ ला ओपाऊचा कारखाना चालू झाला.

आणि लगेच पहिलं महायुद्ध. ब्रिटिश आरमाराने चिलीचा सोरा अडवला, तरी जर्मनीचा दारूगोळा चालू राहिला, कारण याच अमोनियापासून नायट्रिक ॲसिड आणि त्यातून स्फोटकं. हाबर तर एप्रिल १९१५ मध्ये बेल्जियममधल्या ईप्रच्या आघाडीवर स्वतः उभा राहून क्लोरीनचा विषारी गॅस सोडवत होता. त्याची बायको क्लारा, तीही केमिस्ट, तिने दहाच दिवसांनी गोळी झाडून जीव दिला आणि हा पठ्ठ्या पुढच्या आघाडीवर रवाना. १९१८ चं केमिस्ट्रीचं नोबेल यालाच मिळालं, आणि जन्माने ज्यू म्हणून १९३३ मध्ये हिटलरच्या राज्यात देशही सोडावा लागला.

आज जगातली साधारण निम्मी माणसं याच अमोनियापासून केलेल्या युरियासारख्या खतावर पिकलेलं अन्न खातात असा अंदाज आहे. तुमच्या ४५ किलोच्या गोणीत जवळपास २१ किलो नायट्रोजन असतो, सगळा हवेतून ओढलेला. पिकाला चार दिवसांत जी काळोखी येते ना, ती त्याचीच.

पोराला म्हणावं सुरुवात तुटलेल्या बोल्टपासून कर, आणि क्लारा वगळू नको. मूठभर युरिया पुडीत बांधून दिलात तरी चालेल, फक्त शिक्षकांना आधी विचारा.