पाचटापासून इथेनॉल : शेतकऱ्यांच्या प्रश्नांना उत्तरे

प्रश्न : आमच्या गटाकडे दरवर्षी शंभर एकर उसाचे पाचट निघते. जिवाणू वापरून गटाच्या शेडमध्येच त्याचे इथेनॉल करता येईल का?

उत्तर : नाही. पहिली अडचण कायद्याची. राज्य उत्पादन शुल्क विभागाच्या परवान्याशिवाय मद्यार्क (इथेनॉल हाही मद्यार्कच) तयार करणे किंवा भट्टी लावणे हा महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, १९४९ खाली गुन्हा आहे. इंधनासाठी करतो म्हटल्याने त्यातून सुटका होत नाही.

दुसरी अडचण खुद्द पाचटाची. मळीत साखर तयारच असते, यीस्ट टाकले की आंबायला लागते. सी-हेवी, म्हणजे साखर काढून झाल्यावर शेवटी उरणाऱ्या मळीतून टनाला सुमारे २२५ लिटर इथेनॉल निघते. पाचटात साखर असते, पण सेल्युलोजच्या लांब साखळीत अडकलेली. त्या साखळीभोवती हेमिसेल्युलोज आणि लिग्निनचे गिलावा केल्यासारखे वेष्टन असते. ते फोडल्याशिवाय जिवाणू, बुरशी किंवा विकर (एन्झाइम) आत लवकर पोचत नाही.

कारखान्यात हे असे करतात. पाचट एक-दोन सेंटिमीटर कापून माती, खडे, तारा वेगळ्या काढतात. मग सौम्य गंधकाम्लात भिजवून १६० ते १९० अंश सेल्सिअसच्या वाफेत काही मिनिटे ठेवतात. त्यासाठी ६ ते १२ बार दाब लागतो. घरचा कुकर १२० अंशांच्या आसपास थांबतो, हे लक्षात घ्या. तापमान किंवा वेळ कमी पडली तर तंतू उघडत नाही. जास्त झाली तर मोकळी झालेली साखर जळून फुरफुराल तयार होते, तंतूतून ॲसिटिक आम्लही सुटते, आणि पुढे ही दोन्ही यीस्टला मारक ठरतात. एवढी सांभाळणी एकट्या पहिल्या टप्प्यात.

मग सामू (पीएच) ४.८ ते ५ वर आणून ५० अंशांना सेल्युलेज विकर घालतात. ४८ ते ७२ तासांत ग्लुकोज सुटते. त्यानंतर ३० ते ३४ अंशांना यीस्ट. नेहमीचे, म्हणजे बेकरीतलेही यीस्ट फक्त ग्लुकोजसारखी सहा कार्बनची साखर खाते. हेमिसेल्युलोजमधून निघणारी झायलोज पाच कार्बनची, ती तशीच पडून राहते. तिच्यासाठी वेगळे यीस्ट किंवा जनुकीय बदल केलेले वाण लागते. शेवटी ऊर्ध्वपातन. साध्या ऊर्ध्वपातनाने ९५-९६ टक्क्यांच्या पुढे जाता येत नाही. उरलेले पाणी मॉलिक्युलर सीव्हमधून, म्हणजे पाणी धरून ठेवणाऱ्या सूक्ष्म छिद्रांच्या खड्यांतून, काढावे लागते, नाहीतर पेट्रोलच्या टाकीत ते वेगळे होऊन तळाला बसते.

आता हिशेब. एक टन पूर्ण कोरड्या पाचटात ३८० किलो सेल्युलोज धरा. पाणी जोडले जाऊन त्याचे सुमारे ४२० किलो ग्लुकोज होते. त्यातून कागदावर २१५ किलो, म्हणजे २७० लिटर इथेनॉल. विकराने ७५ टक्के आणि यीस्टने ९० टक्के काम केले तर हातात येते १८० लिटर. हरियाणात पानिपतला इंडियन ऑइलचा भातपेंढ्यावर चालणारा प्रकल्प ऑगस्ट २०२२ मध्ये सुरू झाला. त्याचे तंत्रज्ञान पुण्याच्या प्राज इंडस्ट्रीजचे आहे. तिथला आराखडा वर्षाला २ लाख टन पेंढ्यातून ३ कोटी लिटरचा, म्हणजे टनाला १५० लिटर. खर्च ९०० कोटींच्या वर. तुमच्या शंभर एकरांचे पाचट ३२० ते ४०० टन भरेल. असल्या प्रकल्पाला ते एक दिवसही पुरणार नाही.

प्रश्न : आमच्याकडे ट्रायकोडर्मा आहे. ते पाचटावर टाकून गोड पाणी काढता येईल का?

उत्तर : विकर देणारी बुरशी ट्रायकोडर्माच, हे खरे. पण ती जात वेगळी : ट्रायकोडर्मा रीसाय. दुसऱ्या महायुद्धात सॉलोमन बेटांवर अमेरिकी सैन्याचे सुती तंबू कुजवणारी म्हणून ती सापडली. तुम्ही मर रोगासाठी वापरता ती बहुधा विरिडी किंवा हरझियानम असते.

जात बदलूनही ढिगातून गोड पाणी निघणार नाही. बुरशी तंतू तोडते ती स्वतःच्या पोटासाठी. सुटलेली साखर ती आणि शेजारचे जिवाणू लगेच संपवतात, मागे उरते कंपोस्ट. म्हणून कारखान्यात बुरशी वेगळ्या टाकीत वाढवतात, तिचे विकर गाळून घेतात आणि तेवढेच तंतूवर घालतात. तिथे खाणारे कोणी नसते, त्यामुळे साखर साठते.

प्रश्न : कंपनीचा माणूस पाचटाच्या गाठी मागतो आहे. विकाव्यात की शेतात ठेवावे?

उत्तर : खोडवा (कापलेल्या उसाच्या बुडख्यांतून पुन्हा येणारे पीक) ठेवणार असाल तर विकू नका, असे माझे स्पष्ट मत आहे. एक टन पाचटाबरोबर ४ ते ५ किलो नत्र, २ किलोच्या आत-बाहेर स्फुरद, ९ ते १० किलो पालाश आणि ३२० ते ४०० किलो सेंद्रिय कर्ब शेताबाहेर जातो. नत्र-पालाशच भरून काढायचे म्हटले तरी साधारण १० किलो युरिया आणि १५ किलो म्युरेट ऑफ पोटॅश लागेल. कर्ब तर पोत्यात मिळत नाही.

शेतात ठेवताना टनाला ८ किलो युरिया, १० किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि १ किलो पाचट कुजवणारे संवर्धक वापरा. युरिया टाळला तर कुजवणारे जिवाणू जमिनीतलेच नत्र ओढतात आणि खोडवा पिवळा पडतो. मग दोष संवर्धकाला दिला जातो.

खोडवा मोडून रान रिकामे करायचे असेल, तर काही भाग विकायला हरकत नाही. तेव्हा करार कोरड्या वजनावर करा. ओलावा तपासायला चिरलेले १०० ग्रॅम पाचट घ्या, मायक्रोवेव्हमध्ये शेजारी पाण्याचा पेला ठेवून थोडे-थोडे तापवा, दर वेळी वजन करा. वजन घटायचे थांबले की जितके ग्रॅम कमी झाले तितके टक्के ओलावा. १५ टक्क्यांच्या आत असेल तरच गाठी बांधा. ओल्या गाठी आतून तापतात, बुरशी सेल्युलोज खाते, आणि थप्पी पेट घेण्याचाही धोका असतो.

मातीवरून दर कापला तर लगेच भांडू नका, त्याला कारण आहे. मातीतला चुना आम्ल खाऊन टाकतो, वाळूने कापणीची पाती झिजतात. पाचट गोळा करणाऱ्या रेकचे दाते जमिनीत घुसणार नाहीत इतके वर ठेवा. थप्पी उंचवट्यावर, खाली ओंडके टाकून आणि विजेच्या तारांपासून लांब रचा.

प्रश्न : कृषी विद्यालयात हे मुलांना दाखवायचे आहे. कसे करावे?

उत्तर : साखरेपर्यंतच करा, आंबवू नका. बगॅसची (रस काढल्यावर उरलेल्या उसाच्या चोथ्याची) १० ग्रॅम भुकटी, २ टक्के कॉस्टिक सोड्याचे १०० मिलि द्रावण, ऑटोक्लेव्हमध्ये (प्रयोगशाळेतल्या दाबाच्या कुकरमध्ये) १२१ अंशांना ३० मिनिटे. हातमोजे आणि चष्मा हवाच. ॲल्युमिनियमचे भांडे चालणार नाही, सोडा ते खातो आणि हायड्रोजन सुटतो. काळे पाणी म्हणजे विरघळलेले लिग्निन. सामू सातच्या जवळ येईपर्यंत गाळ धुवा, इथे घाई केली तर उरलेला सोडा विकर मारतो. गाळ वाळवून ५ ग्रॅम घ्या. त्यात सामू ४.८ चे १०० मिलि साइट्रेट बफर आणि सेल्युलोजच्या दर ग्रॅमला १५ ते २० एकक सेल्युलेज घालून ५० अंशांना ७२ तास हलवत ठेवा. शेजारच्या फ्लास्कमध्ये तेच बफर आणि विकर घालून तेवढीच न शिजवलेली भुकटी ठेवा. साखर ओळखायच्या बेनेडिक्ट चाचणीत पहिला विटकरी होईल, दुसरा जेमतेम हिरवट. ब्रिक्स मीटर लावू नका. बफरमधला क्षारही तो साखर म्हणून मोजतो आणि दोन्ही फ्लास्क गोडच दिसतात.

प्रश्न : कपाशीच्या पऱ्हाट्यांचे इथेनॉल होईल का?

उत्तर : होते, पण त्यात लाकडासारखे लिग्निन जास्त, म्हणून खर्च वाढतो. पांढरे कोळसे म्हणजे ब्रिकेट करणाऱ्याला त्या जास्त उपयोगी. कोणालाही द्या, पण गिऱ्हाईक येईल म्हणून बांधावर रचून ठेवू नका. वाळलेल्या बोंडांत गुलाबी बोंडअळी पुढच्या हंगामापर्यंत तग धरते. वेचणी संपली की श्रेडर फिरवून तुकडे करा आणि रान मोकळे करा.