शिशाचे शिपाई, प्लास्टिकची पलटण आणि तुमचे प्रश्न

मागच्या वेळी खेळण्यातल्या सैनिकांच्या रंगकामावर लिहिलं होतं, त्यानंतर आलेल्या प्रश्नांपैकी निम्मे रंगाबद्दल नव्हतेच. बहुतेकांना पडलेला प्रश्न असा की सैनिक जमलेत, आता त्यांचं करायचं काय. म्हणून यावेळी तेच.

प्रश्न: आजोबांच्या ट्रंकेत कागदात गुंडाळलेले तीसेक शिशाचे सैनिक सापडले. रंग बराच उडालाय आणि काहींच्या पायाशी पांढरट भुकटी दिसते. धुऊन नव्याने रंगवू का?

रंगवू नका, आणि धुऊ तर अजिबातच नका.

आधी भुकटीचं बघू कारण ते जास्त घाईचं आहे. ती धूळ नाहीये, बुरशीही नाहीये, ते शिसंच आहे. शिशाला ॲसेटिक ॲसिडची वाफ लागली की हळूहळू त्याचं लेड कार्बोनेट होतं, म्हणजे सैनिक बाहेरून आत पीठ होत जातो. ही वाफ येते कुठून तर लाकडातून, त्यातही ओक फार वाईट, शिवाय एमडीएफ, प्लायवुड, पुठ्ठ्याचे स्वस्त खोके, ताजा ऑइलपेंट. वर दमट हवा असली की काम दुप्पट वेगात. गंमत म्हणजे लोक हौसेने सागवानी-ओकच्या सुंदर शोकेस करून घेतात, काच बसवताना कडेने व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन भरतात आणि सगळं हवाबंद करून टाकतात. तो व्हिनेगरचा वास म्हणजेच ते ॲसिड! मीही हे केलंय, पाच वर्षांनी घोडदळाच्या सहा घोड्यांचे पाय गेले तेव्हा कळलं.

तर भुकटीवाले सैनिक आधी वेगळे काढा. हा रोग एकाचा दुसऱ्याला लागत नाही, पण ज्या हवेने एक आजारी पडला त्याच हवेत बाकीचे बसलेत. हातमोजे आणि मास्क घालून, जरा ओलसर टिशूने भुकटी टिपून घ्या, फुंकर मारू नका कारण ती पोटात किंवा फुप्फुसात जायला नको, शिशाचं विष हा काही गमतीचा विषय नाही. काम झालं की हात साबणाने, टिशू पिशवीत बांधून फेकून, आणि घरात लहान मूल असेल तर हे सगळं त्याच्या हाताच्या बाहेर. मग सगळ्यांना धातू-काचेच्या कपाटात ठेवा, आत सिलिका जेलच्या पुड्या टाका, त्या अधूनमधून बदला.

आता रंग. जुन्या खेळण्यातल्या सैनिकाचा मूळ रंग, भले निम्मा उडालेला असो, हाच त्याचा इतिहास आणि हीच त्याची किंमत. नवा रंग चढवलात की तो जुना सैनिक राहत नाही, जुन्या धातूवरचं तुमचं रंगकाम उरतं. रंगवायची खाज असेल तर नवीन कोरे सैनिक आणा ना.

प्रश्न: ५४ मिमी, १:३२, १:३५, १:७२, २८ मिमी... डोकं फिरलंय. कुठले एकत्र चालतात?

मिलिमीटर म्हणजे सैनिकाची उंची आणि १:३२ म्हणजे खऱ्या माणसाच्या मानाने प्रमाण. पावणेदोन मीटरचा माणूस ३२ ने भागा, साधारण ५४-५५ मिमी येतात, म्हणून ५४ मिमी आणि १:३२ हे एकच कुटुंब. १:३५ चा माणूस ५० मिमी, १:७२ चा जेमतेम २४. २८ मिमीवाले युद्धखेळाचे सैनिक अंदाजे १:६० च्या आसपास पडतात, पण त्यांची डोकी आणि हात मुद्दाम जाड केलेले असतात, दुरून टेबलावर ओळखू यावेत म्हणून, त्यामुळे ते कुणाशीच नीट जुळत नाहीत. आणखी एक घोळ, काही कंपन्या तळव्यापासून टोपीच्या टोकापर्यंत मोजतात तर काही डोळ्यांपर्यंतच. म्हणून आकड्यावर जाऊ नका, बंदुकीची लांबी आणि डोक्याचा आकार शेजारी ठेवून बघा. माणसं उंच-बुटकी असू शकतात हो, एकाच सैन्याच्या बंदुका नसतात.

प्रश्न: वॉटर्लूच्या लढाईचा (१८१५, नेपोलियन हरला ती) डायोरामा, म्हणजे छोटा देखावा, केलाय, दोन बाय तीन फुटांच्या फळीवर ५४ मिमीचे २१० सैनिक. मेहनत खूप घेतली पण बघणारे "वा, किती आहेत" एवढंच म्हणून पुढे जातात. काय चुकलं?

तेच चुकलं, किती आहेत ते.

थोडा हिशोब करू. त्या काळच्या पायदळात खांद्याला खांदा लावून उभ्या माणसाला साधारण ५५ सेंटिमीटर जागा लागायची. पाचशे जणांची एक बटालियन दोन ओळींत उभी केली तर रांग भरते जवळपास १४० मीटर, आणि १:३२ मध्ये त्याचे झाले सव्वाचार मीटरच्या वर. ही एक बटालियन! पूर्ण आघाडी चार किलोमीटर धरली तर सव्वाशे मीटरचा हॉल लागेल. म्हणजे तुमच्या फळीवर लढाई मावूच शकत नाही, तिथे मावतो लढाईचा एक कोपरा, एखादं कुंपण, एखादी तुटलेली तोफगाडी. २१० जण कोंबलेत की ते सैन्य वाटत नाही, सिनेमाच्या तिकिटाची रांग वाटते.

अख्खी लढाई दाखवायची जिद्द ज्याने खरी केली तो विल्यम सिबोर्न नावाचा ब्रिटिश अधिकारी. १८३० मध्ये तो वॉटर्लूच्या रणांगणातल्या ला हे सांत या शेतवाडीवर ८ महिने मुक्काम ठोकून बसला, जमीन मोजली, मग लढलेल्या अधिकाऱ्यांना पत्रं पाठवून विचारत सुटला की संध्याकाळी ७ च्या सुमाराला तुमची तुकडी नेमकी कुठे होती, समोर कोण होतं, पीक काय होतं. मैलाला ९ फूट असं प्रमाण धरलं, त्यावर ७० हजारांच्या आसपास इवलेसे, जेमतेम सेंटिमीटरभर उंचीचे सैनिक, आणि १८३८ मध्ये ते लंडनला लोकांपुढे ठेवलं. आज ते तिथल्या नॅशनल आर्मी म्युझियममध्ये आहे. बिचारा त्यात कर्जबाजारी झाला ती गोष्ट वेगळी. मला त्याची आवडते ती संख्या नाही, तो सातचा ठोका आवडतो. इतका मोठा पसारा मांडणाऱ्या माणसालासुद्धा आधी एक क्षण पक्का करावा लागला, तुमच्या फळीवर मात्र सकाळचा हल्ला, दुपारचं घोडदळ आणि संध्याकाळची पळापळ एकत्र नांदतायत असं तुम्ही पाठवलेल्या फोटोत दिसतंय.

मी असतो तर काय केलं असतं सांगतो. २१० मधून पंचवीस-तीस ठेवले असते. बाकीचे कपाटात, ओळीने, तिथे ते छान दिसतील. फळीच्या कडेला समांतर काहीच ठेवलं नसतं, रस्ता, कुंपण, रांग सगळं तिरकं, कारण समांतर ठेवलं की डोळ्याला फळी दिसते, तिरकं ठेवलं की जमीन फळीच्या बाहेरही चालू आहे असं वाटतं. एक तृतीयांश जागा रिकामी. हो, रिकामी, ते सगळ्यात अवघड जातं, मला अजूनही जातं, हात शिवशिवतो तिथे एखादा तोफखानावाला बसवायला. आणि मग ठरवायचं की बघणाऱ्याने आधी कोणाकडे बघायचं. तीन-चार जण एकाच दिशेला मान वळवून बघत असतील तर आपलीही नजर तिकडेच जाते, तिकडे काहीतरी घडत असलं पाहिजे मात्र, नाहीतर लोक तुमच्या भिंतीवरचं घड्याळ बघतात.

दुसरं म्हणजे तुमचे सैनिक परेडला निघालेत. वॉटर्लूच्या आदल्या रात्री धो धो पाऊस पडला होता, सैन्य चिखलात झोपलं होतं. पँटी गुडघ्यापर्यंत चिखलाच्या, उंच टोप्यांवर मेणकापडाची काळी खोळ, पट्टे मळलेले. शेतात माणसाच्या छातीखांद्याला लागणारी राय (मोहरी नव्हे, गव्हासारखं धान्य) उभी होती, ती दिवसभरात तुडवून सपाट झाली. तुमच्या फळीवर हिरवंगार लॉन आहे! जुनी ब्रशची केसं किंवा नारळाची काथ्या पिवळट रंगवून आडवी चिकटवा, मध्येच कुठेतरी न तुडवलेला एखादा पट्टा उभा ठेवा, त्या दोन उंचींच्या फरकातच दिवसभर काय झालं ते कळतं. पडलेली पडशी, एक बूट, चाकाच्या खोल चाकोऱ्या. कापसाचा धूर लावलाय तो काढा प्लीज. लावायचाच असेल तर इतका विरळ ओढा की आरपार दिसेल, त्याला राखाडी हात मारा, आणि फक्त बंदुकीच्या नळीपाशीच नको, जमिनीलगत पसरू दे.

प्रश्न: पिशवीतून येणाऱ्या मऊ प्लास्टिकच्या सैनिकांचा रंग महिन्याभरात पापुद्र्यासारखा निघतो.

ते पॉलिथिलीन आहे, त्याला काहीच नीट चिकटत नाही, आणि त्यात साच्यातून सुटण्यासाठी लावलेलं तेलकट द्रव्यही असतं. कोमट पाणी, भांडी घासायचं लिक्विड, जुना टूथब्रश, मग पूर्ण वाळू द्या. त्यावर लवचिक प्रायमर (प्लास्टिकसाठीचा, साधा कारचा नको), मग ॲक्रिलिक, शेवटी मॅट वार्निश. तरीही बंदुकीचं टोक वाकवलंत तर रंग तडकणार. वाकडी बंदूक गरम पाण्यात धरून सरळ करा आणि लगेच गार पाण्यात बुडवा, हे सगळं रंगवायच्या आधी.

प्रश्न: एकाने "जुना, अस्सल, पोकळ ओतीव" म्हणून ब्रिटन्स या खेळण्यांच्या कंपनीचा घोडेस्वार दिलाय. अस्सल आहे हे ओळखायचं कसं?

आधी हातात घेऊन वजन बघा. १८९३ मध्ये लंडनच्या विल्यम ब्रिटन यांनी पोकळ ओतायची पद्धत काढली. वितळलेला धातू साच्यात ओतायचा, साच्याला लागलेला थर गोठला की आतला पातळ धातू लगेच उलटा ओतून काढायचा. धातू कमी, सैनिक हलका, आणि किंमत एवढी उतरली की तोपर्यंत बाजार ताब्यात असलेल्या जर्मन भरीव सैनिकांची पंचाईत झाली. तर पोकळ म्हणून दिलेला हाताला भरीव दगडासारखा लागला तर तिथेच शंका. कुठेतरी, बरेचदा डोक्यापाशी, बारीक भोक सापडतं.

मग तपशील बघा. अस्सलवरून साचा काढून पुन्हा ओतलेला सैनिक किंचित लहान भरतो आणि बटणं, लगाम, चेहरा सगळं साबण विरघळल्यासारखं गुळगुळीत होतं. रंग उडालेल्या खड्ड्यात भिंगातून बघा, खाली धातू काळपट-जुना दिसतो की चकचकीत, आणि खड्ड्याच्या आतही रंग गेलाय का, गेला असेल तर तो नंतर मारलेला. मान हळूच (हळूच!) तपासा. जुने संग्राहक तुटलेलं डोकं आत काडेपेटीची काडी घालून बसवायचे, ते फसवणूक नाही, पण सांगितल्याशिवाय विकणं फसवणूक. ब्रिटन्सनी १९६६ मध्ये शिशाचे सैनिक बनवणं बंद केलं, त्यामुळे मऊ प्लास्टिकच्या खोक्यात ठेवलेला कोरा करकरीत शिशाचा घोडेस्वार "कारखान्यातून थेट" म्हणून कोणी दिला तर हसून परत द्या.

प्रश्न: डायोरामा उघडा ठेवू की बंद पेटीत? आणि लाईट?

बंद. उघड्यावर धूळ बसते आणि धुळीचा कण १:३२ मध्ये दगडाएवढा दिसतो.

पेटीची मजा वेगळीच आहे मात्र, फक्त समोरून बघायची पेटी. १८२२ मध्ये पॅरिसला दागेर (हो, फोटोवाला) आणि बूतों यांनी ज्याला डायोरामा म्हटलं ते सैनिकांचं नव्हतंच, मोठाल्या अर्धपारदर्शक कापडांवर चित्रं आणि मागून-पुढून बदलणारा उजेड, लोक अंधारातून बघायचे. पेटीत तीच युक्ती वापरता येते कारण नजर कुठून येणार ते तुम्ही ठरवता. पुढे ५४ मिमीचे, मध्ये १:४८ चे, टेकडीवर १:७२ चे, रस्ता मागे जाताना अरुंद करत न्यायचा, रंग मागे फिकट-निळसर, आणि दोन फुटांत कोसभर अंतर दिसतं. पण पेटी डोळ्यांच्या उंचीला हवी, वरून बघितलं की भांडं फुटतं. लाईट पुढच्या पट्टीच्या मागे लपवा, वरून जरा तिरका. एलईडी लावा, जुने पिवळे बल्ब पेटीत भट्टी करतात, आणि ट्रान्सफॉर्मर बाहेर ठेवा.

पेटी बंद करायच्या आधी गोंद पूर्ण वाळू द्या. सुपरग्लूची वाफ बंद जागेत काचेवर आणि गडद रंगांवर पांढरी पुटं धरते, आठवडाभर उघडी ठेवा. आणि टेकड्या थर्माकोलच्या केल्या असतील तर त्यावर डबीतला स्प्रे मारू नका, पहिल्यांदा मी मारला आणि डोळ्यांदेखत टेकडीचा तलाव झाला. आधी ब्रशने ॲक्रिलिकचे दोन हात, मग काय हवं ते.

प्रश्न: वय ४६. घरचे म्हणतात आता हे पोरखेळ पुरे. काय उत्तर देऊ?

विन्स्टन चर्चिलकडे लहानपणी दीड हजारांच्या आसपास सैनिक होते, सगळे एकाच मापाचे, पायदळाची डिव्हिजन आणि घोडदळाची ब्रिगेड रचलेली. एक दिवस वडील येऊन वीस मिनिटं निरीक्षण करून गेले आणि विचारलं, सैन्यात जायचंय का? त्याला वाटलं वडिलांना आपल्यात सेनापती दिसला, नंतर कळलं की पोरगं वकिलीला चालणार नाही म्हणून विचारलं होतं. घरच्यांची मतं अशीच असतात. जेवणाचं टेबल तेवढं रात्री मोकळं करून देत जा, अर्धी तक्रार तिथेच मिटते.

प्रश्न: तयार डायोरामावरची धूळ कशी काढायची? फुंकर मारली तर गवत उडतं.

मेकअपचा मऊ ब्रश, वरून खाली. व्हॅक्यूम क्लीनर वापरायचा तर सगळ्यात कमी जोरावर, तोंडाला जुना पातळ स्टॉकिंग रबरबँडने ताणून बांधा आणि नळी चार बोटं लांब धरा, ब्रशने उडवलेली धूळ तेवढी आत जाते. मध्ये मध्ये थांबून स्टॉकिंगवर बघत जा, माझ्याकडे आत्तापर्यंत तिथे दोन संगिनी, एक ढोलाची काठी आणि कुणाचा तरी डावा हात सापडलाय, तो कुणाचा ते अजून लागलेलं नाही.