व्हाइन आणि वाइन

प्रश्न : आमची निफाड तालुक्यात द्राक्षबाग आहे. परदेशी खरेदीदाराला बागेची माहिती इंग्रजीत पाठवायची आहे. मुलगा ‘व्हाइन’ लिहितो, मला ‘वाइन’ बरोबर वाटतं. नेमका फरक काय?
— एक बागायतदार

उत्तर : मुलाचं बरोबर आहे. व्हीने सुरू होणारा व्हाइन म्हणजे द्राक्षाचा वेल, बागेत आपण ज्याला सरसकट झाड म्हणतो तो. डब्ल्यूची वाइन म्हणजे द्राक्षरस आंबवून केलेलं पेय. ९ बाय ५ फुटांवर लागण असेल तर एकरी ९६८ व्हाइन्स बसतात. तिथे चुकून डब्ल्यू पडला, तर वाचणारा ९६८ प्रकारच्या वाइन असा अर्थ घेईल. कारण वाइनचं अनेकवचन इंग्रजीत बहुधा प्रकारांसाठीच येतं.

शब्दांचा क्रमही सांभाळा. ‘ग्रेपव्हाइन’ म्हणजे वेल, ‘वाइन ग्रेप्स’ म्हणजे वाइनसाठी लावलेली द्राक्षं. शिराझ, शेनिन ब्लांक ही वाइन ग्रेप्स. तुमच्याकडे थॉमसनसारखी खाण्याची द्राक्षं असतील तर ‘टेबल ग्रेप्स’ असं स्पष्ट लिहा. बागेला ‘व्हाइनयार्ड’ असंच लिहायचं, उच्चार मात्र ‘व्हिन्यर्ड’. ‘वाइनयार्ड’ असा शब्दच नाही. जिथे वाइन तयार होते ती वायनरी.

दोन्ही शब्दांचं मूळ एकच, लॅटिन. वाइन हा शब्द इंग्रजीच्या पूर्वज भाषांनी फार लवकर उचलला. तेव्हा लॅटिनमधल्या त्या अक्षराचा उच्चार डब्ल्यूसारखा होता, तो टिकला. व्हाइन नंतर फ्रेंचमार्गे आला, तोवर तिथे व्ही झाला होता.

बोलताना घोळ होतो, कारण मराठी ‘व’ या दोघांच्या मधला आहे. व्हाइन म्हणताना वरचे दात खालच्या ओठाला टेकवा आणि आवाज काढा. ओठाला कंप जाणवला पाहिजे. आपण ‘व्ह’ लिहितो म्हणून त्यात ‘ह’चा श्वास मिसळतो, तो टाळा. वाइनसाठी दात लावायचेच नाहीत. ओठांचा चंबू करून ‘उ’ धरा आणि झटकन ‘आइन’वर या. आरशासमोर पाहिलंत तर चूक लगेच दिसते.

स्पेलिंग तपासणारी सोय इथे कामाची नाही. दोन्ही शब्द शुद्धच असल्याने ती लाल रेघ मारत नाही. मेल पाठवण्याआधी त्यात डब्ल्यूची ‘वाइन’ शोधा आणि प्रत्येक ठिकाणी पेयच म्हणायचं आहे ना, ते पाहा.