जाळी दिसते म्हणून लोकर आवळू नका (लाँग लूमवरचा स्कार्फ)

तुम्ही लिहिलंय की लाँग लूमवर, म्हणजे खुंट्यांच्या दोन समोरासमोर रांगा असलेल्या लांब चौकटीवर, दुहेरी विणीचा स्कार्फ चालू आहे, खुंट्या सुरुवातीपासून तेवढ्याच आहेत, एकही टाका सुटलेला नाही, तरी दोनेक हात विणून झाल्यावर तो बारीक होत चाललाय आणि टाके उचलताना, म्हणजे खालचा फास हूकने खुंटीवरून काढताना, मनगट भरून येतंय. आणि अगदी शेवटी जाता जाता एक वाक्य टाकलंय, की आधी वीण जाळीदार दिसत होती म्हणून जरा आवळून विणायला लागले. ते वाक्य वाचलं आणि हातातलं काम बाजूला ठेवून हे लिहायला बसले. तुमचं दुखणं तिथेच आहे. माझंही तिथेच होतं.

वेढे कसे घ्यायचे, अँकरचा धागा (सुरुवातीची ओळ धरून ठेवणारा) कुठे टाकायचा वगैरे काही सांगत बसत नाही, दोन हात विणलंय म्हणजे ते तुम्हाला येतंय. आणि आधीच सांगते, मी कुठे शिकलेली वगैरे नाही, चुका करून करून जे कळलं तेच सांगतेय, त्यामुळे कोणाला वेगळा अनुभव असेल तर असू दे.

माझा पहिला लाँग लूम आला तेव्हा सोबतच्या कागदावर ठळक छापलं होतं की यावर कुठलीही लोकर चालते. मी ते खरं मानलं. घरात ४ नंबरची, म्हणजे आपण साध्या स्वेटरला घेतो ती मध्यम जाडीची लोकर पडून होती, तीच एकपदरी घेतली, खुंट्यांच्या १४ जोड्या धरल्या आणि लागले कामाला. चार ओळी झाल्यावर बघते तर काय, करंगळी आरपार जाईल अशी भोकं. आता खरं तर इथेच थांबायला हवं होतं. पण मला वाटलं आपला हात सैल आहे, सुयांवर विणताना आई सतत ओरडायची ना, "सैल विणतेस, सैल विणतेस", तेच डोक्यात. म्हणून प्रत्येक वेढा घेतला की धागा ओढायचा, खुंटीला करकचून बसला की पुढे जायचं. दोन-तीन ओळींत भोकं जरा लहान दिसायला लागली आणि मी खूश.

सुरुवातीला पट्टी १८ सेंटीमीटर रुंद होती. साधारण ७० सेंटीमीटर लांबी झाल्यावर सहज मोजली तर १३! मी तीनदा खुंट्या मोजल्या. चौदाच्या चौदा. कडेचा टाका सुटलाय का बघितलं, नाही. तेव्हाही डोक्यात प्रकाश पडला नाही हो, मला वाटलं धुतल्यावर पसरेल. तोपर्यंत टाका उचलणं म्हणजे खिळा उपटण्यासारखं झालं होतं, हूकचं टोक फासात घुसायचंच नाही, मग मी हूक खुंटीला टेकवून तरफेसारखा दाबायचे. एका संध्याकाळी टक् असा आवाज आला आणि नववी खुंटी बुडापासून मोडून वीणीसकट लोंबायला लागली. वर फास तसाच घट्ट! खुंटी मोडली पण टाका काही सुटला नाही, इतका आवळलेला.

तर मुद्दा असा. सुयांवर टाका केवढा होणार हे सुईची जाडी ठरवते, जाळी दिसली तर बारीक सुई घ्यायची, झालं. लूमवर ती सोयच नाही. दोन खुंट्यांमधलं अंतर कारखान्यात ठरून आलेलं असतं, माझ्या लूमवर ते मध्यापासून मध्यापर्यंत १६ मिलिमीटर आहे, आणि तुम्ही धागा कितीही ओढा, लूमवर असेपर्यंत त्या खुंट्या काही जवळ येत नाहीत. मग ओढून होतं काय? प्रत्येक फासातली लोकर कमी होते. लूमवर तो ताणलेला राहतो, तुम्हाला वाटतं छान घट्ट वीण पडतेय, आणि खाली उतरली की ताण सुटतो आणि वीण आक्रसते. म्हणून तुमचा स्कार्फ लूमजवळ रुंद दिसतो आणि खाली मांडीवर आलेला भाग बारीक. भोकं जातात का? जात नाहीत, गोलाची लांबट होतात एवढंच. ती भरायला लोकरच जाड हवी, आवळून जाड होत नाही ती.

आणि दुसरं, घट्ट म्हणजे ऊबदार हा जो समज आहे ना, तो डोक्यातून काढाच. ऊब ही धाग्यांच्या मधे अडकून बसलेल्या हवेची असते. दुहेरी वीण ऊबदार का, तर दोन थर आणि त्यांच्या मधली हवा. लोकर करकचून आवळली की तिचा फुगीरपणा जातो, हवेला जागा राहत नाही, आणि वर पुठ्ठ्यासारखी कडक पट्टी गळ्याला टोचत राहते ती वेगळीच. माझी तशीच झाली होती, उभी धरली तर उभी राहायची.

उपाय साधा आहे, लोकर दोनपदरी घ्या. ४ नंबरचे दोन गुंडे, दोन्ही धागे एकत्र धरून, एकच धागा असल्यासारखे. नाहीतर सरळ ५ किंवा ६ नंबरची जाड लोकर एकपदरी. नंबर लेबलवर छोट्या गुंड्याच्या चित्रात असतो, ० ते ७, जितका मोठा तितकी जाड. बारीक खुंट्यांचे लूमही मिळतात, त्यावर ४ नंबरची एकपदरी मस्त बसते, त्यामुळे तुमच्या लूमवरचं अंतर आधी पट्टीने मोजा, माझ्या आकड्यांवर जाऊ नका. आणि १० जोड्यांवर पंधराएक ओळींचा तुकडा विणून, लूमवरून उतरवून, धुऊन, वाळवून मग मोजा. मला माहितीय कोणी करत नाही. मीही करत नव्हते. लूमवर ताणलेलं असताना जे दिसतं त्यावर विश्वास ठेवायचा नाही, बस.

घट्टपणाचं माप म्हणून मी एकच बघते, वेढे घेऊन झाले की बोटाने फास खुंटीवर वर-खाली सरकवायचा. आपसूक सरकला पाहिजे आणि हूक जोर न लावता आत गेला पाहिजे. धागा बोटांवरून नुसता वाहू द्यायचा, प्रत्येक खुंटीला ओढायचा नाही. उचलताना हूकचं टोक खुंटीला जी खाच असते तिच्यातून खालच्या फासात घालायचं, फास किंचित बाहेर आणि मग वर घेऊन खुंटीच्या डोक्यावरून आत सोडायचा. बाहेर, वर, आत. खुंटीवर हूक टेकवून दाबायची वेळ आली की समजायचं ओळ घट्ट झालीय, वेढे सोडून परत घ्यायचे. मनगटाचं म्हणाल तर सैल विणायला लागल्यावर माझं थांबलं, पण तुमचं रात्रीही दुखत असेल तर लूम बाजूला ठेवा आणि डॉक्टरला दाखवा, इथे विचारत बसू नका.

आता जे विणलंय त्याचं काय? उसवा. ऐकायला वाईट वाटतं, मला माहितीय, कारण माझी सगळ्यात महागात पडलेली चूक आवळणं ही नव्हतीच, न उसवणं ही होती. खुंटी मोडल्यावर मला कारण कळलं होतं. तरी जीव होईना, ७० सेंटीमीटर म्हणजे किती संध्याकाळी गेल्या होत्या! मग मी काय केलं, तिथूनच पुढे दोनपदरी सुरू केलं. म्हणजे एका टोकाला १३ सेंटीमीटरची कडक पट्टी आणि तिथून पुढे अचानक १८ सेंटीमीटरचा मऊ स्कार्फ, मधे बाटलीच्या मानेसारखा खांदा. त्यावर आणखी तीन आठवडे घातले. शेवटी पुरा केलाच आणि एका दिवसात सगळा उसवला. ७० सेंटीमीटर उसवायचे ते दीड मीटर उसवले. उसवलेली लोकर कुरळी झालेली असते, ती तशीच विणायला घेऊ नका, टाके वेडेवाकडे पडतात. खुर्चीच्या पाठीला गुंडाळून लड करा, चार ठिकाणी सैल बांधा, कोमट पाण्यात भिजवून न पिळता लटकवा, टॉवेलमधे दाबून पाणी काढायचं. वाळली की सरळ होते. अ‍ॅक्रिलिक, म्हणजे कृत्रिम लोकर, तेवढी सरळ होत नाही, पण कामचलाऊ होते.

दोनपदरी करायचं म्हणजे लोकर दुप्पट लागणार, आणि इथे माझी दुसरी कहाणी. मी ज्या ऑनलाइन दुकानातून लूम आणि नंतरची लोकर घेतली त्यांचं नाव नाही घेत. मोडक्या खुंटीचा फोटो पाठवला तर उत्तर आलं की "वापरताना अतिरिक्त ताण दिला गेल्याचे दिसते". बरं, दिला असेल, पण कुठलीही लोकर चालते असं छापलं कोणी? त्यावर पुन्हा तेच उत्तर, जसंच्या तसं, फक्त खाली वेगळं नाव. मग लोकर मागवली, त्याच कंपनीची, त्याच रंगाच्या नंबरची, आली ती उजेडात धरली की जुन्यापेक्षा सरळ सरळ पिवळट. तक्रार केली तर म्हणे रंगाचा नंबर तोच आहे त्यामुळे तक्रार बसत नाही. पाच मेल, दोन फोन, प्रत्येक वेळी सगळं रामायण पहिल्यापासून सांगायचं. लेबलवर रंगाच्या नंबराशिवाय डाय लॉटचा वेगळा नंबर असतो, म्हणजे एका वेळी एका घाण्यात रंगवलेली लोकर, आणि लॉट बदलला की छटा बदलते, ही गोष्ट लोकर विकणाऱ्या माणसाला मी समजावत होते! सोडा. लोकर एकदम घ्या, लॉटचा नंबर बघून घ्या आणि शेवटचा गुंडा संपेपर्यंत लेबल फेकू नका.

पण त्या त्राग्यातून एक चांगली युक्ती मिळाली. दोन पदर घ्यायचेच आहेत ना, मग एक पदर जुन्या लॉटचा आणि एक नव्या लॉटचा, पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत. छटा एकमेकांत मिसळून जातात, कुठे रेघ दिसत नाही, उलट वीणीला एक छान खोली येते. तुमच्याकडची उरलेली लोकर रंगाने जुळत नसेल तर सरळ वेगळाच रंग घ्या दुसऱ्या पदराला. दोन्ही गुंडे वेगवेगळ्या भांड्यात ठेवा, नाहीतर एकमेकांभोवती पीळ बसतो. आणि उचलताना दोन्ही पदर हूकवर आलेत ना एवढं बघा, एक पदर मागे राहिला तर तो नंतर लोंबतो.

कडेबद्दल पण विचारलं होतंत. कडा दातेरी येतेय कारण शेवटच्या खुंटीवरून परत फिरताना तुम्ही तिथेच सगळ्यात जास्त ओढताय, सगळे ओढतात. तिथे धागा नुसता टेकवा. मी उचलायला सुरुवात धागा जिथे संपलाय त्या खुंटीपासून करते, म्हणजे शेवटचा वेढा निसटत नाही.

शेवट बंद करतानाही तेच, तिथे लोक हमखास आवळतात आणि मग स्कार्फचं टोक चोळीच्या बाहीसारखं आत ओढलं जातं. क्रोशाची सुई नेहमीपेक्षा एक आकार मोठी घ्या, समोरासमोरच्या खुंट्यांवरचे टाके आळीपाळीने घेत साखळी सैल ठेवा. अँकरच्या बाजूचे टाके पण तसेच बंद करायचे आणि मगच अँकरचा धागा काढायचा. लांबी मोजायची ती वीण टेबलावर सपाट सोडून, लूमला लोंबकळताना नाही. माझा लूमवर १६५ भरला होता तो उतरल्यावर १५० च झाला. घालणाऱ्याच्या उंचीएवढा स्कार्फ साधारण बरा पडतो, दोनदा गुंडाळायचा असेल तर अजून थोडा. खरी लोकर असेल तर गरम पाणी आणि चोळणं दोन्ही टाळा, एकदा ती आटून घट्ट झाली की परत येत नाही. अ‍ॅक्रिलिकला इस्त्री टेकवू नका, वितळते.

आणि कोणी "लूमवर काय, ते खरं विणकाम नाही" म्हणालं तर मनावर घेऊ नका, मला अजून ऐकवतात. फासातून फास काढला की झाला टाका, सुईवर काढा की खुंटीवर. १५८९ मधे इंग्लंडमधे विल्यम ली नावाच्या माणसाने मोजे विणायची चौकट केली, तिच्यातही प्रत्येक टाक्याला वेगळी सुई होती, एका परीने आपल्या खुंट्यांसारखीच. त्याला कोणी चीटिंग म्हणालं नाही. असो, भरकटले.

तुम्ही असं करा, लेबलवर लोकरीचा नंबर काय आहे आणि लूमच्या दोन खुंट्यांमधे किती मिलिमीटर आहेत ते लिहा, आणि किती गुंडे शिल्लक आहेत तेही. दोनपदरी केल्यावर खुंट्यांच्या किती जोड्या धराव्या लागतील ते त्यावरून सांगते. आणि तोवर एकही ओळ पुढे विणू नका!